चाळीसगाव ते काठी: चित्रकाराच्या वहीतला खानदेश

खानदेशातली ही सहा दिवसांची चित्रवाट आखताना आधी होळीची तारीख पाहायची आणि तिथून मागे मोजत यायचं. या वाटेचं शेवटचं ठिकाण अक्कलकुवा तालुक्यातलं काठी आहे, आणि तिथली होळी एकाच रात्री असते. दुसरं बंधन म्हणजे अजिंठा सोमवारी बंद असतो, तो वार मधे येऊ द्यायचा नाही. बाकी दिवस मागे-पुढे झाले तरी चालतात.

फाल्गुनात खानदेशात ऊन चढायला लागलेलं असतं. जलरंग कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळतो, मोठा सपाट हात मारला की मधेच कड उमटते. म्हणून रंगकाम सकाळी दहाच्या आत आणि दुपारी फक्त पेन्सिल. सामान थोडंच घ्यावं: जाड कागदाची वही, खाकी कागदाची दुसरी वही, २बी आणि ६बी पेन्सिली, कोळशाच्या कांड्या, एक मध्यम ब्रश, मलमलचा हातभर तुकडा, झाकणाच्या दोन मोठ्या बाटल्या, प्लास्टिकच्या पुड्या आणि बाभळीचा डिंक. रंगाच्या ट्यूबा घरीच ठेवाव्यात. इथली कला हाताशी असलेल्या वस्तूंतून उभी राहिली आहे. आपलं सामान बाजूला ठेवलं की हे लवकर दिसायला लागतं.

पहिला दिवस: चाळीसगाव

मुंबई-भुसावळ मार्गावर चाळीसगावला उतरलं की स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे. आता तिथे त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी आणि किमान अर्धा दिवस ठेवावा. १९१२ साली जन्मलेला आणि १९८९ साली गेलेला हा माणूस आयुष्याचा बराच मोठा काळ या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांच्याबद्दलचं बरंचसं लिखाण त्या एकांताच्या आणि प्रेमकहाणीच्या गोष्टीतच अडकतं, आणि काम मागे राहतं. ते अन्यायाचं आहे. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कामं, लाकूडकाम असा पसारा असला तरी त्यांचं खरं बळ टेबलटॉप छायाचित्रणात आहे. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं आणि पाहणाऱ्याला ते मैलभर पसरलेलं वाटायला लावायचं, हे ते काम.

हे फोटो पाहताना विषय सोडून द्या आणि तीन गोष्टी शोधा. पहिली म्हणजे उजेड. सूर्य एकच असतो, म्हणून टेबलावर दिवाही एकच हवा. दुसरा दिवा आला की प्रत्येक झाडाला दोन सावल्या पडतात आणि सगळं खोटं ठरतं. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. त्या छोट्या जगातला माणूस उभा असता तर त्याचे डोळे जिथे आले असते तिथे भिंग हवं. बोटभर वर गेलं तरी टेबल दिसायला लागतं. तिसरी पोताची. टेबलावर बर्फ दाखवायला पीठ वापरतात, पण खऱ्या बर्फाला कण दिसत नाहीत, पिठाला दिसतात. म्हणून पीठ चाळूनच भुरभुरावं लागतं.

संध्याकाळी लॉजवर करून पाहण्याजोगा हा धडा आहे. काळा रुमाल मागे, मूठभर मैदा, चहाच्या गाळणीने चाळलेला, बोरीच्या किंवा बाभळीच्या वाळक्या काड्या आणि एकच टेबललॅम्प, तोही बाजूने आणि खाली. पुढच्या काड्या जाड आणि मागच्या बारीक घेतल्या की हातभर टेबलावर खोली येते. बहुतेकांचं इथे काय चुकतं, तर काड्या समान अंतरावर लावल्या जातात आणि झाडांऐवजी कुंपण तयार होतं. मोबाइल अगदी जवळ नेला की पुढची काडी स्पष्ट आणि मागचं सगळं धुरकट होतं. त्यापेक्षा थोडं लांबून फोटो घेऊन नंतर कापावा. साधा कॅमेरा असेल तर छिद्र एफ १६ पर्यंत लहान करून तो टेकवून ठेवावा, कारण शटरची उघडझाप सावकाश होते.

दुसरा दिवस: पाटणे आणि पाटणादेवी

चाळीसगावहून अठराएक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी पाटणे आहे. यात्रेकरू पाटणादेवीच्या दर्शनाला येतात, गणिताचे अभ्यासक भास्कराचार्यांच्या परंपरेच्या शिलालेखासाठी येतात. चित्रकाराने मात्र आधी पाटण्याचं नाव घ्यावं ते शहामृगाच्या अंड्यासाठी. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर आडव्या रेघांच्या मधे एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांच्या पट्ट्या कोरलेल्या आहेत. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या कलाकृतींत त्याची गणना होते.

तो तुकडा जागेवर नाही, आणि जागेवर पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. तरी त्या ओढ्याकाठी बसून तीच रेघ काढून पाहावी. कोंबडीच्या अंड्याचं कवच धुऊन घ्या आणि टोकदार गारगोटीने कोरा. पहिल्या दोन-चार प्रयत्नांत हत्यार वळणावरून घसरतं, कारण पृष्ठभाग गोल आहे आणि हात सरळ जातो. कवच फिरवत राहायचं आणि हत्यार स्थिर धरायचं, मग रेघ बसते. आधी दोन आडव्या मर्यादारेघा आणि त्यांच्या आत तिरक्या भरल्या, तर तिरकी रेघ कुठे थांबवायची हे हाताला कळतं. शहामृगाचं कवच याच्यापेक्षा कितीतरी जाड असतं, त्यामुळे तिथे दाब जास्त देता येतो. कोंबडीचं लगेच फुटतं.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. तिथली माती, दगड, पानं काही उचलायचं नाही. पुरातत्त्वीय जागेवरची खापरं तर मुळीच नाही. माती गोळा करायची ती परत येताना, रस्त्याच्या कडेच्या कापणीतून किंवा शेताच्या बांधावरून, शेतकऱ्याला विचारून. "दादा, बांधावरची मूठभर माती घेऊ का?" एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट तांबडी कुठे मिळेल तेही दाखवतात. तीन रंग तरी घ्यावेत: लालसर मुरूम, पिवळट माती आणि कापसाची काळी. प्रत्येकी अर्धा किलो पुरे. पुडीवर गाव लिहून ठेवा.

याच डोंगरात वर पितळखोऱ्याची लेणी आहेत. रस्त्याने जायचं तर कन्नड घाट चढावा लागतो. वेळ असेल तर जरूर जा. तिथे मिळालेल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार. प्राचीन कलेत कारागिराचं नाव क्वचितच हाती लागतं. मूर्ती आता संग्रहालयात आहे, पण इथल्या दगडातलं दागिन्यासारखं बारीक काम पाहताना ते नाव डोक्यात असावं.

रात्री मातीचं पहिलं काम. ढेकळं फोडून, काड्या-खडे काढून माती दोन लिटरच्या बाटलीत टाका, तीन चतुर्थांश पाणी भरा, जोरात हलवा आणि साधारण मिनिटभर थांबा. वाळू तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी मलमलमधून दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की तळाशी राहतो तो रंग.

तिसरा दिवस: अजिंठा

चाळीसगावहून जळगाव रेल्वेने ९० किलोमीटरच्या आसपास, आणि जळगावहून फर्दापूर साठेक किलोमीटर. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी तिथली वाघूर नदी खाली खानदेशात उतरून तापीला मिळते, आणि लेण्यांची जवळची मोठी रेल्वेस्थानकं जळगाव-भुसावळच. फर्दापूरच्या नाक्यापासून आत बसने जावं लागतं. पहिली बस पकडायचीच.

आत फ्लॅश चालत नाही, ओले रंग नेऊ नयेत. खाकी वही आणि पेन्सिल एवढंच न्या. लेण्यात शिरल्याबरोबर काही दिसत नाही, हे सगळ्यांचं होतं. दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून शांत उभं राहा. दरवाजाकडे आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नका. डोळा अंधाराला सरावला की आधी पांढरे, मग पिवळे आणि शेवटी तांबडे-हिरवे वर येतात.

प्रसिद्ध बोधिसत्त्वांपुढे गर्दी असते. १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांत छताखाली बसावं. छत चौकोनांत विभागलेलं आहे आणि प्रत्येक चौकोनात एक स्वतंत्र चित्र: कमळाची वेल, फळं, पक्षी, कमळांतून धावणारा हत्ती. एका चौकोनाला वीस मिनिटं दिली की वेल कशी वळवायची, कोपरा कसा भरायचा, हे हातात येतं. २ क्रमांकाच्या लेण्यातले हंस पाहा. सगळे एकाच कुळातले, पण मान एकाचीही दुसऱ्यासारखी नाही.

जिथे रंग झडलाय तिथे जास्त शिकायला मिळतं. खाली मातीचा गिलावा दिसतो: जाडाभरडा थर, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतीचे धागे, त्यावर बारीक थर, त्यावर पांढरा पातळ हात आणि मग तांबडी बाह्यरेषा. धागे आणि तूस नसते तर गिलावा वाळताना आकसून फुटला असता. रंग कोरड्या पृष्ठभागावर, चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत, म्हणून पाणी लागलं की ते सुटतात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा, एवढ्यावर सगळा डोलारा. बाहेरून आला तो निळा. तो लाजवर्द या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानाकडून व्यापारी वाटेने आलेला, आणि पाचव्या शतकातल्या लेण्यांत तो दिसतो. ९ आणि १० क्रमांकाच्या जुन्या लेण्यांतल्या मूळच्या चित्रांत तो नाही. दोन्ही एकामागोमाग पाहिली की फरक लगेच कळतो.

काही भिंती पिवळसर चकाकतात. तो मूळ रंग नव्हे. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून, आणि पुढे १९२० च्या सुमारास जतनासाठी आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, वार्निश आणि लाखेचे हात दिले. ते काळाने पिवळे पडले. चित्र वाचताना हा पिवळेपणा मनातून वजा करावा लागतो. आपल्या वहीत रंगांच्या नोंदी शब्दांत करताना "वर लाख" असं लिहून ठेवलं की नंतर घोटाळा होत नाही.

चौथा दिवस: भुसावळ आणि फैजपूर

मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि पुढची कित्येक वर्षं याच मुलखात राहिला. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्याने त्या भिंती उतरवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. त्यानंतर गिल पुन्हा नकला करायला बसला. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. त्याची सोबतीण पारो हिची कबर अजिंठा गावात आहे, आणि त्या दोघांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. गिलच्या कबरीकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

त्याच्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. त्यांच्या संघाच्या नकलांचाही मोठा भाग १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेला. त्या संघात पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी होते, जे पुढे नावाजले. बाकीच्यांचं काम "ग्रिफिथ्सच्या नकला" या एकाच नावाखाली गेलं. विसरले गेलेले चित्रकार शोधायचे तर सुरुवात या मुलांपासून करावी.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅमसोबत नकला करायला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. तेच नंदलाल डिसेंबर १९३६ मध्ये पुन्हा खानदेशात आले, भुसावळहून वीसेक किलोमीटरवरच्या फैजपूरला. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि गांधीजींचा आग्रह असा की सजावट गावातल्या साहित्याने आणि गावच्या हातांनी व्हावी. नंदलालांनी बांबू, गवत, चटया, दोर यांतून नगर उभं केलं. अजिंठ्याच्या भिंती उतरवलेला हात बांबूकडे वळला, आणि हे घडलं केळीच्या बागांमध्ये. भारतीय कलेच्या इतिहासात नंदलालांनीच १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी केलेल्या चित्रपट्ट्यांचं जेवढं नाव घेतलं जातं, तेवढं फैजपूरचंही घेतलं जायला हवं. हरिपुऱ्याची चित्रं टिकली, फैजपूरचा बांबू टिकणारा नव्हता, एवढंच कारण.

फैजपूर त्याआधी सुती छपाईसाठी आणि गडद निळ्या-तांबड्या रंगाईसाठी नावाजलेलं होतं. आज चहूकडे केळी आहे. केळीचा चीक कपड्याला लागला तर जन्मभर जात नाही, हे इथलं लहान पोरही सांगेल. चित्रकाराला तो फुकटची शाई आहे. घड कापल्यावर टाकून दिलेल्या खांबाचा ताजा काप घ्यावा, दाबून वाटीत चीक काढावा आणि लगेच बोरूने किंवा ब्रशने काढायला घ्यावं. सुरुवातीला रेघ जवळजवळ दिसत नाही. हवा लागत जाते तशी ती काही तासांत तपकिरी होते. वाटीत गंजलेला खिळा टाकला तर रंग काळपट येतो. न दिसणाऱ्या रेघेवर दुसरी रेघ जाते, हे हमखास होतं. म्हणून खाली पेन्सिलीची फिकट खूण ठेवा. उरलेला चीक बाटलीत साठवू नये, तो काळा पडून नासतो.

पुढे खिरोद्याला ललित कलेचं महाविद्यालय आहे. जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा.

पाचवा दिवस: तापीकाठाने नंदुरबार

भुसावळ-सुरत गाडी जळगाव, अमळनेर, दोंडाईचामार्गे नंदुरबारला पोचते. दिवस प्रवासाचाच, तरी प्रकाशा गाठावं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे तीर्थ, आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तीची जागा. याच शहादा तालुक्यात सावळदा आहे, ज्याच्या नावाने सावळदा संस्कृतीची मातीची भांडी ओळखली जातात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही भांडी, संथ चाकावर घडवलेली, जाड लेप दिलेली आणि त्यावर काळ्या रंगात बाणाग्रं, हत्यारं आणि प्राणी काढलेले. लेपावर बारीक तडे दिसतात. लेप जाड असला आणि आतल्या मातीपेक्षा जास्त आकसला की असंच होतं.

हीच अडचण आपल्या काळ्या मातीत येते. पाटण्याहून आणलेल्या मातीची वाळलेली वडी आता खलात बारीक करायची वेळ. डिंक आदल्या रात्रीच भिजवलेला असावा: एक चमचा बाभळीच्या डिंकाची पूड, दोन चमचे गरम पाणी, सकाळी गाळून त्यात अर्धा छोटा चमचा मध आणि लवंगतेलाचा एक थेंब. मधाने रंग ठिसूळ होत नाही, लवंगतेलाने बुरशी धरत नाही. किराणा दुकानात डिंक मागितला तर कडायाचाही मिळतो. तो पाण्यात फुगून बसतो, विरघळत नाही, रंगाला निरुपयोगी. पूड आणि डिंकाचं पाणी सारखं घेऊन काचेवर चांगली दहा मिनिटं घोटा. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला रंग आला तर डिंक कमी, पट्टा चकाकला किंवा पापुद्रे सुटले तर जास्त.

लाल आणि पिवळी माती सहज वश होते. काळी फार फुगते, मग वाळताना आकसते, आणि जाड हात दिला तर जाळं पडतं. तिचे पातळ हात एकावर एक द्यावेत. तिचा करडा रंग बाजारातल्या कोणत्याच ट्यूबमध्ये नसतो.

सहावा दिवस आणि रात्र: काठी

नंदुरबारहून अक्कलकुवा आणि पुढे मोलगीच्या दिशेने घाटरस्ता. दुपारीच निघा, संध्याकाळनंतर गाड्यांची रांग लागते. पाणी, बॅटरी आणि पांघरूण बरोबर हवं, सातपुड्यात पहाटे गारठा असतो आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या नावाचे आदिवासी बाजार भरतात. वाटेत एखादा लागला तर चांदीच्या दागिन्यांपाशी थांबा. पण खरी रंगशाळा रात्री भरते. होळीचं व्रत घेऊन नाचणाऱ्यांना इथे बावा आणि बुध्या म्हणतात, त्यांच्या अंगभर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके असतात. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळवलेल्या दुधी भोपळ्यांची माळ आणि घुंगरं. एक भोपळा जवळून पाहा: तोही ठिपक्यांनी रंगवलेला, आत बिया सुकलेल्या, पाऊल पडलं की खुळखुळतो. ठिपके शरीराच्या वळणांवर जातात म्हणून नाचताना ते ताणतात, आकसतात. सपाट कागदावर ठिपके सारख्या अंतराने काढले की नाच मरतो. छातीवर विरळ, कुशीकडे वळताना दाट, असे घ्यावेत.

ही मंडळी व्रतस्थ असतात. अंगाला हात लावायचा नाही, टोपाला नाही, रिंगणात घुसायचं नाही. फोटोआधी विचारा, आणि नको म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा.

स्केचिंग कोळशानेच करा, एका आकृतीला अर्धा मिनिट. पहिल्या अर्ध्या मिनिटात टोपाची तिरकी रेघ आणि कमरेची रेघ एवढीच घ्या, नाच त्या दोन रेघांच्या कोनात असतो. चेहरा सुरू केलात की माणूस रिंगणात पुढे गेलेला असतो. जाळाच्या उजेडात रंग फसवतात. पिवळं पांढरं भासतं, निळं काळं होतं, तांबडं पेटतं. म्हणून रंग रात्री लावायचे नाहीत, शब्दांत लिहायचे आणि उजाडल्यावर पडताळायचे. उंच बांबूची मुख्य होळी पहाटे पेटते. त्यासाठी एक कोरं जोडपान राखून ठेवा. उभ्या पानात तो बांबू मावत नाही, वही आडवी करून तिरका घ्यावा.

सकाळी परतण्याआधी कोळशाची पानं पक्की करावीत, नाहीतर घाटातल्या हादऱ्यांनी सगळी एकमेकांवर उमटतात. साय काढलेलं दूध एक भाग, पाणी दोन भाग, कपड्यावर पाणी मारायच्या फवाऱ्यात भरून हातभर अंतरावरून हलकं मारा. जवळून मारलं तर थेंब ओघळतो आणि रेघ वाहते. पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नका, आणि मधे वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. कोरा पातळ कागद घाला.